फुलीच्या खांचेचा स्क्रू : त्याचें नांव, त्याचा हेतु आणि एका पेटीचा काळ

सुमारें दोन वर्षांपूर्वीं एका जुन्या घराण्यांतील वृद्ध सद्गृहस्थांनीं आपल्या वाड्यांतील दप्तराची एक पेटी आम्हांस पाहावयास आणून दिली. पेटी सागवानी, कोपऱ्यांस पितळी पत्रे, आंत दोन कप्पे आणि तळाशीं एक चोरकप्पा. ही पेटी पेशवाईंतील असून तींतील रुमालही तेव्हांपासून तींतच आहेत, अशी त्या घराण्याची परंपरागत समजूत. आम्हीं झांकण उघडून पाहिलें, तों उजव्या बिजागरीचे चारी स्क्रू फुलीच्या खांचेचे, म्हणजे हल्लीं बाजारांत ज्यांस 'स्टार' म्हणतात तसे, आढळले. असे स्क्रू पेशवाईंत नव्हते एवढें आम्हांस ठाऊक होतें; आणि तेवढ्याच आधारावर पेटी बनावट आहे असा अभिप्राय आम्हीं चार मंडळींच्या देखत देऊन टाकला. ते गृहस्थ वयानें आमच्याहून वडील. ते कांहीं बोलले नाहींत. पेटी घेऊन निघून गेले.

आठ-दहा दिवसांनीं पेटी परत आली आणि तिजबरोबर एक चिठी आली. पेटी जुनी ठरली नाहीं तरी आपणांस दुःख नाहीं. परंतु आपल्या वाडवडिलांपैकीं कोणी ती खोटी करवून ठेवली, असें कागदावर येण्यापूर्वीं एकदां नीट पाहावें, एवढीच त्यांची विनंति होती. विनंति रास्त होती. आम्हीं एका सुताराकडून बिजागरी सोडवूं लागलों. तीन स्क्रू निघाले. चवथ्यावर पेचकस पुनः पुनः निसटला, फुलीच्या कडा झिजून तिची वाटी झाली, आणि शेवटीं माथा कोरून काढावा लागला. तेव्हां सुतार म्हणाला कीं, हे स्क्रू निसटण्यासाठींच योजलेले असतात. कारखानदारांनीं तें मुद्दामच केलें आहे. हेंच विधान पुढें आम्हीं शिकल्यासवरलेल्या माणसांच्या तोंडूनही ऐकिलें.

याप्रमाणें आमच्यापुढें दोन प्रश्न उभे राहिले. फुलीची खांच केव्हांची, हा काळाचा प्रश्न. आणि ती निसटावी म्हणूनच केली काय, हा हेतूचा प्रश्न. दोहोंचाही निकाल अस्सल कागदांवरून लागतो असें आम्हांस दिसून आलें. तो वाचकांपुढें मांडणें आणि आमच्या अविचारी अभिप्रायाची दुरुस्ती करणें, हें प्रस्तुत लेखाचें प्रयोजन आहे.

१. मळसूत्राची कल्पना फार प्राचीन आहे. पाणी उपसण्याचें मळसूत्र आणि द्राक्षांचा व जैतुनाचा रस काढण्याचा मळसूत्री दाब हीं दोन्ही जुन्या ग्रीक-रोमन जगास ठाऊक होतीं. परंतु दोन वस्तु एकत्र जखडण्यासाठीं धातूचा लहानसा स्क्रू वापरावा, आणि तो फिरविण्यासाठीं त्याच्या माथ्यावर खांच पाडावी, हा प्रकार युरोपांत पंधराव्या शतकाच्या अखेरीस दृष्टीस पडतो. आमच्या वाचकांस विशेष वाटेल ती गोष्ट ही, कीं त्याचा अगदीं आरंभींचा पुरावा एका हस्तलिखितांत आहे. जर्मनींतील वोल्फेग येथील गढींत दीर्घ काळ जतन झालेली एक सचित्र पोथी आहे; तिचा काळ इ. स. १४७५ ते १४९० यांच्या दरम्यानचा धरितात. तींत स्क्रू कांतण्याचें यंत्र चितारलेलें आहे आणि पेचकसाची पहिली नोंदही विद्वान तींतच दाखवितात.

पुढें सुमारें तीनशें वर्षें स्क्रू बहुधा हातानेंच घडत असे. कानशीनें एकेक आटा पाडावयाचा आणि करवतीनें माथ्यावर खांच घ्यावयाची; त्यामुळें दोन स्क्रू एकसारखे नसत आणि खांचही माथ्याच्या बरोबर मध्यावर येई असें नाहीं. १७६० सालीं इंग्लंडांत जॉब व विल्यम वायट या बंधूंनीं यंत्राच्या साहाय्यानें लांकडी कामाचे स्क्रू करण्याचें पेटंट मिळविलें. तरीही स्क्रूचें टोंक बोथटच राहिलें. गिरमिटानें आधीं भोंक पाडल्यावांचून तो लांकडांत शिरत नसे. अणकुचीदार स्क्रू यंत्रानें करण्याच्या कृतीचें पेटंट अमेरिकेंत टॉमस स्लोन यानें १८४६ सालीं घेतलें, आणि १८५४ सालीं त्या कृतीचे हक्क इंग्लंडांत नेटलफोल्ड यांच्याकडे आले. म्हणून ज्या जुन्या पेटीचे वा चौकटीचे स्क्रू बोथट टोंकाचे, आटे विषम आणि खांच एका बाजूस सरकलेली, तेथें ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वींचे असण्याचा संभव मोठा आहे. हें प्रमाण पुढें आम्हांस उपयोगी पडणार आहे.

२. एका खांचेच्या स्क्रूस चारशें वर्षें कोणी फारसें नांवें ठेविलीं नाहींत, कारण फिरविणारा हात धिमा होता. विसाव्या शतकाच्या आरंभीं मोटारींचे कारखाने निघाले आणि पेचकस यंत्रशक्तीनें फिरूं लागला, तेव्हां त्या खांचेचा दोष उघड झाला. तिच्या दोन्ही बाजू मोकळ्या. पातें मध्यावर ठरत नाहीं, बाजूस घसरतें, आणि रंगविलेल्या पत्र्यावर किंवा कारागिराच्या हातावर ओरखडा काढतें. पातें आपोआप मध्यावर बसेल अशी खांच हवी होती.

पहिलें यशस्वी उत्तर कॅनडांतून आलें. पीटर लिमबर्नर रॉबर्टसन यानें माथ्यावर चौकोनी खळगा असलेला स्क्रू काढला, ऑन्टारिओ प्रांतांतील मिल्टन येथें कारखाना घातला, आणि १९०९ सालीं त्यास कॅनडाचें पेटंट मिळालें. चौकोनी खळगा ही कल्पना मात्र त्याची पहिली नव्हे. न्यूयॉर्कच्या ॲलन कमिंग्ज यानें १८७५ सालींच तिचें अमेरिकन पेटंट घेतलेलें आढळतें. कमिंग्जचा स्क्रू बाजारांत आला नाहीं, कारण माथा न दुबळा होतां त्यांत खळगा कसा ठोकावा, ही युक्ति साधली नव्हती. ती रॉबर्टसनला साधली. कल्पना एकाची, घडण दुसऱ्याची, आणि नांव घडणाराचें, हा क्रम वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. कारण फुलीच्या बाबतींत तोच पुनः घडला आहे. रॉबर्टसन आपल्या हक्कांविषयीं फार जपून असे, आणि फोर्ड यांच्याशीं परवान्याची बोलणी त्यामुळेंच फिसकटलीं असें सांगतात. कांहीं असो, कॅनडाबाहेर त्याचा प्रसार बेताचाच झाला आणि मैदान दुसऱ्यासाठीं मोकळें राहिलें.

३. आतां मुख्य विषय. फुलीच्या आकाराची खांच एकोणिसाव्या शतकांत फ्रिअर्सन नांवाच्या इंग्रज शोधकानें योजिली होती. तिचा तळ टोंकदार असून एकच पेचकस तिच्या सर्व मापांस चालतो. परंतु या जातीचे स्क्रू कारखान्यांतून निघूं लागले ते १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस. म्हणजे येथेंही कल्पनेचा काळ निराळा आणि वस्तूचा काळ निराळा. संग्राहकास दुसऱ्याशीं कर्तव्य आहे.

आज सर्वत्र जो फुलीचा स्क्रू 'फिलिप्स' या नांवानें ओळखला जातो, त्याचें मूळ अमेरिकेच्या ऑरेगन संस्थानांतील पोर्टलंड शहरीं आहे. परंतु मूळ हक्कपत्र काढून पाहिलें तर त्यावर नांव निराळेंच निघतें. १९०८०८० या क्रमांकाचें तें पेटंट १९३३ सालीं दिलेलें असून त्यावरील शोधक जॉन पी. टॉमसन हा आहे. टॉमसननें आपला स्क्रू कारखानदारांस दाखविला. त्यांनीं तो करतां येणार नाहीं म्हणून परत केला. फुलीचा ठसा माथ्यांत खोल ठोकला कीं माथाच फुटेल, अशी त्यांची हरकत. अखेर टॉमसननें आपले हक्क त्याच शहरच्या हेन्री फिलिप्स या व्यावसायिकास विकले. फिलिप्सनें १९३४ सालीं कंपनी स्थापिली, खांचेच्या आकारांत फेरफार केले, आणि १९३६ सालीं आणखी पांच पेटंटें मिळविलीं; त्यांचे क्रमांक २०४६३४३ आणि २०४६८३७ ते २०४६८४०. ऱ्होड आयलंड संस्थानांतील प्रॉव्हिडन्स येथील अमेरिकन स्क्रू कंपनीनें तो स्क्रू करण्याचें पत्करलें. तेथील अध्यक्ष यूजीन क्लार्क यांनीं, हें होणार नाहीं असें म्हणणाऱ्या आपल्या तज्ज्ञांस पेन्शन देऊन घरीं बसविण्याचा धाक घातला, अशी कथा आहे. १९३६ सालींच जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक मोटारींच्या जुळणींत हा स्क्रू वापरला गेला, आणि थोड्याच वर्षांत तो सर्वतोमुखीं झाला. फिलिप्स १९४५ सालीं धंद्यांतून निवृत्त झाला व १९५८ सालीं वारला. टॉमसनचें नांव त्याच्या हक्कपत्रावर राहिलें. लोकांच्या जिभेवर आलें नाहीं.

येणेंप्रमाणें काळाचा प्रश्न सुटतो. सामान्य वापरांतला फुलीचा स्क्रू १९३६ पूर्वींचा असूं शकत नाहीं. आमच्या हातीं आलेल्या वस्तूंत असा स्क्रू दिसला, तर तो त्या तारखेनंतर केव्हां तरी तेथें बसविला गेला, हें निश्चित. त्याहून अधिक कांहीं निश्चित होत नाहीं. आणि आमची चूक नेमकी येथेंच झाली होती.

४. हेतूचा प्रश्न याहून नाजूक आहे. फुलीचा पेचकस कां निसटतो, तें आधीं पाहूं. या खांचेच्या भिंती सरळ उभ्या नाहींत. त्या तळाकडे निमुळत्या होत गेल्या आहेत. पेचकसास पीळ दिला कीं त्याचें पातें उतरत्या भिंतीवर दाबलें जातें, आणि त्या उतारामुळें दाबाचा कांहीं भाग पेचकसास बाहेर ढकलण्यांत खर्च होतो. हातानें खालीं रेटा दिला नाहीं, किंवा स्क्रू गंजून घट्ट बसला असला, तर पातें वर चढतें, कडा ओरबाडीत बाहेर उडी मारतें, आणि दोन-तीन उड्यांत फुलीची वाटी होते.

हा उतार कां ठेविला? एक तर त्यामुळें पातें आपोआप मध्यावर उतरतें. दुसरें, माथ्यांत ठोकलेला ठसा न अडकतां आणि माथा न फोडतां बाहेर काढतां येतो. म्हणजे ज्या उतारामुळें स्क्रू सुलभ झाला आणि करतां आला, त्याच उतारामुळें तो निसटतो. गुण आणि दोष एकाच मुळाचे आहेत.

लोकप्रसिद्ध कथा याहून वेगळें सांगते. तिच्या मतें निसटणें हीच या शोधाची खुबी: यंत्रपेचकसानें स्क्रू प्रमाणाबाहेर आवळला जाऊं नये, विमानांच्या मऊ ॲल्युमिनियमच्या पत्र्यास इजा होऊं नये, म्हणून ठराविक पिळानंतर तो आपण होऊन सुटावा अशी योजना शोधकानें बुद्ध्याच केली. कथा सुबक आहे. आणि आमच्या अनुभवाप्रमाणें फार सुबक कथा दिसली कीं मूळ कागद काढून पाहावा. मूळ कागदांत या हेतूचा उल्लेख नाहीं. इतकेंच नव्हे, तर फिलिप्सच्या १९३६ च्या लेखांत शोधाच्या मुख्य उद्देशांपैकीं एक म्हणून जें सांगितलें आहे, तें याच्या नेमकें उलट आहे. पेचकस खांचेंत घट्ट बसावा आणि फिरवितांना बाहेर निसटण्याची प्रवृत्ति त्यास राहूं नये, असा तेथील आशय आहे. ज्यानें न निसटण्याचें वचन दिलें, त्याच्याच पदरीं निसटण्याची कीर्ति बांधली गेली.

मग ही कथा अगदींच निराधार काय? तसेंही नाहीं. १९४९ सालीं दिलेल्या २४७४९९४ क्रमांकाच्या पेटंटांत, मूळ आकाराच्या एका सुधारित रूपाविषयीं, अमुक पिळापलीकडे पेचकसानें सुटावें ही गोष्ट गुण म्हणून वर्णिलेली आढळते. म्हणजे १९३६ सालीं जो टाळावयाचा दोष होता, तो तेरा वर्षांनीं एका सुधारणेच्या लेखांत उपयुक्त गुण झाला. आणि लोकांनीं मागाहूनचा तो हेतु आरंभापर्यंत मागें नेला. पोथीशास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें, तर उत्तरकालीन प्रतींतील वाक्य मूळ संहितेंत घुसविण्यासारखें हें आहे.

आमच्या शास्त्रकारांनीं फल आणि प्रयोजन यांत भेद केला आहे. वृक्षाखालीं सावली पडते; म्हणून सावलीसाठींच बीज रुजलें असें होत नाहीं. मीमांसकांची परिभाषा वापरली तर फिलिप्सचा लेख हा विधि, आणि मागाहून रचलेली ही स्तुति हा अर्थवाद. अर्थवादावरून विधीचा अर्थ फिरवितां येत नाहीं. कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' याच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेंत बखरी आणि अस्सल पत्रें शेजारीं ठेवून जो धडा घालून दिला, तो राज्यांच्या उलाढालींस जसा लागू आहे तसा एका स्क्रूसही लागू आहे. बखरकार लबाडच असतो असें नाहीं. पुष्कळदां तो घडलेल्या गोष्टीस शोभेल असा हेतु पुरवितो, इतकेंच. यंत्राच्या जुळणींत निसटण्याचा कोणास उपयोग झाला असेल, तें आम्ही नाकारीत नाहीं. उपयोग झाला म्हणून तो हेतु होता, हें मात्र नाकारतों.

५. या खांचेपासून होणाऱ्या त्रासाचें आणखी एक कारण पाठभेदांसारखें आहे. फुल्या दिसावयास सारख्या, परंतु जाती निरनिराळ्या. फ्रिअर्सनचा तळ टोंकदार, फिलिप्सचा बोथट. १९६० नंतरच्या दशकांत इंग्लंडांतील गेस्ट कीन अँड नेटलफोल्ड्स कंपनीनें 'पोझिड्राइव्ह' नांवाची सुधारलेली जात आणिली. तींत भिंतींचा उतार बहुतेक नाहींसा केला असल्यामुळें ती कमी निसटते, आणि मुख्य फुलीच्या चार भुजांमध्यें चार बारीक रेषा कोरलेल्या असल्यामुळें ती ओळखतां येते. जपानी प्रमाणाच्या फुलीचा आकार फिलिप्सहून किंचित् निराळा असून तिच्या माथ्यावर पुष्कळदां एक लहानसा ठिपका असतो. जुने जपानी कॅमेरे उघडणाऱ्यांनीं तो अवश्य पाहावा. एका जातीचा पेचकस दुसऱ्या जातीच्या खांचेंत बसल्यासारखा वाटतो, आणि जोर लावतांच दगा देतो. नाण्यावरील अक्षरें वाचण्यापूर्वीं जसें तें उजेडांत धरितों, तसा स्क्रूचा माथाही आधीं भिंगाखालीं वाचावा, खांचेंतील मळ सुईनें काढावा, योग्य मापाचा व जातीचा पेचकस घ्यावा, आणि पिळण्यापेक्षां दाबण्यांत अधिक जोर ठेवावा. आमच्या सुतारानें हें केलें नाहीं. दोष आमचा, कारण त्यास घाई आम्हींच केली होती.

६. आतां पेटीकडे वळूं. बिजागरी निघाल्यावर तिच्याखालीं लांकडांत जुनीं चार भोंकें दिसलीं. तीं लांकडाच्या खुंट्या मारून बुजविलेलीं होतीं आणि त्यांच्या शेजारीं नवीं भोंकें पाडलीं होतीं. मग आम्हीं डावी बिजागरी सोडविली. तिचे स्क्रू एका खांचेचे. खांच मध्यापासून ढळलेली, आटे विषम, टोंकें बोथट. दोन्ही बिजागऱ्यांचें पितळही जवळ धरल्यावर निराळें दिसलें. अर्थ स्पष्ट आहे. डावी बिजागरी जुनी. उजवी केव्हां तरी तुटली आणि १९३६ नंतर कोणी तरी नवी बसविली. ज्यास फसवावयाचें आहे तो एका बिजागरीस नवे स्क्रू आणि दुसरीस जुने असें ठेवीत नाहीं. ही बनावट नव्हे, दुरुस्ती आहे. आणि दुरुस्ती हा वस्तु वापरांत असल्याचा पुरावा असतो.

यावरून पेटी पेशवाईंतीलच ठरली असेंही आम्ही म्हणत नाहीं. डावीकडील स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वींचे असावे, येथपर्यंतच तें प्रमाण जातें. तींतील रुमाल आरंभापासून तींतच होते कीं काय, याचा निर्णय त्या कागदांच्याच अंतर्गत पुराव्यावरून झाला पाहिजे; पेटीनें कागदाची साक्ष द्यावी आणि कागदानें पेटीची, हा अन्योन्याश्रय दोष होय. परंतु पेटी बनावट असल्याचा जो अभिप्राय आम्हीं दिला होता, तो सर्वस्वीं चुकीचा होता. तो आम्ही येथें बिनशर्त मागें घेतों आणि त्या घराण्याची क्षमा मागतों. ज्या चार मंडळींसमोर तो दिला, त्यांच्याही दृष्टीस हा लेख पडावा अशी इच्छा आहे.

पेटी परत नेतांना त्या गृहस्थांनीं एकच गोष्ट विचारली: निघालेले स्क्रू कोठें आहेत? तीन चांगले आणि चवथा माथा कोरलेला, असे चारी आम्हीं एका पाकिटांत घालून, वर तारीख व जागा लिहून त्यांच्या हवालीं केले. त्यांनीं तें पाकीट चोरकप्प्यांत ठेविलें. संग्राहकांस आमची हीच विनंति आहे. जुन्या वस्तूंतून जें काढाल, तें विद्रूप आणि अलीकडचें असलें तरी टाकूं नका. फुलीचा मोडका स्क्रूही तारीख घातलेला कागद आहे. वाचणाऱ्यानें मात्र त्यावर लिहिलें असेल तेवढेंच वाचावें. इत्यलम्.